जगबुडीतली सावड

अनुवाद हा माझा पोटापाण्याचा धंदा. प्रेशर कुकरच्या माहितीपत्रकापासून विम्याच्या अटींपर्यंत काय वाट्टेल ते मी मराठीत आणलं आहे, आणि त्यातला एक शब्दही कुणी वाचत नाही याची मला पक्की खात्री आहे. त्यामुळे पुण्याच्या एका प्रकाशकाने लोणावळ्याला माझ्या घरी जाडजूड इंग्रजी कादंबरी पाठवली आणि फोनवर सांगितलं, "ताई, असली पुस्तकं हल्ली चौदा-पंधरा वर्षांची पोरं अक्षरशः खातात," तेव्हा मी मनात म्हटलं, खात असतील बापडी. माझ्या शेजारची पोरं मोबाइल सोडून दुसरं काही खाताना मला दिसली नव्हती.

कादंबरी वाचली आणि डोकं भणाणलं. पृथ्वीवरची झाडं जवळजवळ संपलेली. उरलंसुरलं एक शहर, त्याभोवती उंच भिंत. आत सगळ्यांना पुरेल एवढं अन्न नाही, म्हणून कायदा असा की मूल पंधरा वर्षांचं झालं की त्याला भिंतीबाहेर काढायचं. बाहेर बर्फ, भुकेली कुत्री आणि आधी बाहेर काढलेली पोरं. जो हिवाळा काढून परत येईल, तो आपला. बाकीच्यांचं नाव काढायचं नाही. नायिका अशीच एका सकाळी बाहेर पडते आणि मागे दरवाजा बंद होतो.

"हे मुलांसाठी?" मी प्रकाशकाला विचारलं. आमच्या वेळी गोष्टीतली मुलं सुट्टीत आजोळी जायची, तिथे त्यांना खजिना सापडायचा आणि शेवटच्या पानावर मामी सगळ्यांना लाडू द्यायची. इथे मामीच नव्हती. प्रकाशक हसला आणि म्हणाला, "तुम्ही मुलांना वाचून तर दाखवा. भाषा जमते का तेही कळेल."

माझी एक मैत्रीण भाजे गावाजवळच्या शाळेत शिकवते. तिने शनिवारी शाळा सुटल्यावरचा वेळ मला दिला. जून लागला आणि मी दर शनिवारी लोणावळ्याहून लोकलने मळवलीला उतरून, लेणी बघायला निघालेल्या गाड्यांचा चिखल अंगावर घेत शाळेत जायला लागले. आठवी-नववीची आठ-दहा मुलं व्हरांड्यात सतरंजीवर बसायची. कुणाचा बाप नवलाख उंबरे गावच्या कारखान्यात, कुणाची आई लेण्यांच्या पायथ्याशी भजी तळणारी, कुणाच्या काकाचं कामशेतला तांदळाचं दुकान. सगळ्यात पुढे एक नववीतली मुलगी बसायची, गुडघ्यांवर हनुवटी टेकवून. तिला मी मनातल्या मनात 'पुढची' म्हणायला लागले. दुसरा ठळक प्राणी म्हणजे चष्मेवाला. त्याच्या तोंडाला कुलूप नव्हतं.

पहिलं प्रकरण वाचताना मी सावधच होते. पोरं घाबरतील, उठून जातील, नाहीतर खिदळतील, असं काहीतरी धरून चालले होते. भिंतीचा दरवाजा बंद झाल्याचं वाक्य वाचून मी मान वर केली, तर व्हरांड्यात चिटपाखरू नसावं तशी शांतता. बाहेर गाड्यांचे हॉर्न, पत्र्यावर पाऊस, आणि ही पोरं डोळे न हलवता माझ्याकडे बघत बसलेली. इतक्या वर्षांत माझ्या शब्दांकडे असं कुणी बघितलं नव्हतं. मला चक्क भरून आलं. मी पुढचं पान काढलं, आणि घरी येताना स्टेशनवर चुकीच्या बाजूच्या फलाटावर जाऊन उभी राहिले.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी न राहवून विचारलं, "काय एवढं आवडतं रे तुम्हाला यात? सगळे मरतायत नुसते."

"त्यात गणित न्हाई, मॅडम," चष्मेवाला म्हणाला. सगळे हसले.

भजीवाल्या बाईंची मुलगी म्हणाली, "भ्या वाटतं, पन ते पुस्तकात ऱ्हातं. मिटलं की मिटतं."

मग पुढची बोलली. "त्या पोरीला कुनी 'तुला काय कळतंय' म्हनत न्हाई. लाकडं आनायची का गुहेत बसायचं, तिचं ती ठरवती. चुकलं तर मरंल, पन ठरवती तीच. आमच्याकडं समदं आदीच ठरल्यालं असतं. आमाला जेवताना कळतं."

"काय कळतं जेवताना?" मी विचारलं.

मग तिने सांगितलं. त्यांचं भाताचं एक खाचर आहे, ओढ्याला लागून. बाप कारखान्यात कंत्राटी कामाला, त्यामुळे खाचर आईच बघते. आईने रोपं टाकली, ती उगवली, आणि मग बांधावरून घसरून तिचा हात मोडला. आता आवणीला, म्हणजे ती रोपं उपटून खाचरात लावायला, माणूस नाही. रोजाने येणाऱ्या बाया बंगल्यांच्या बागांत कामाला जातात, तिथे चिखलात उभं राहावं लागत नाही. आदल्या दिवशी जेवताना बाप म्हणाला होता, औंदा पडीक राहू दे.

"एक वर्ष पडीक राहिली तर काय बिघडतं?" मी शहरी प्रश्न विचारला.

"शेजारच्यांची बी एक वरीसच ऱ्हायलीवती," ती म्हणाली. "तितं आता बंगला हाय. पान्याचा हौद हाय निळा, पोहायचा. खाचर पडीक दिसलं की लगीच इचारायला मानसं येत्यात, आन मग बाबा न्हाई म्हनत न्हाईत."

तिने हे अगदी सपाट आवाजात सांगितलं आणि म्हणाली, "मॅडम, वाचा ना पुढं." खाचर गेलं तर आईकडे स्वतःचं म्हणावं असं काही उरणार नाही, हे तिने त्या दिवशी सांगितलं नाही. ते मला नंतर खाचरावरच दिसलं.

पुढे कादंबरीत नायिकेला बर्फात दुसरी एक मुलगी भेटते. ती सारखी खोकत असते. दोघी ठरवतात की बर्फ वितळेपर्यंत एकमेकींना धरून राहायचं, शेकोटी एक, पहारा आळीपाळीने. बर्फ वितळला की जिची तिची वाट. इंग्रजीत त्याला जो शब्द होता, त्यासाठी मी 'युती' लिहून नेलं होतं. "त्या रात्री दोघींनी युती केली," असं मी मोठ्या आवाजात वाचलं आणि व्हरांडा फुटला.

"जागावाटप कसं ठरलं, मॅडम?" चष्मेवाला.

"आन सरकार कुनाचं?" मागून कुणीतरी.

पोट धरून लोळली कार्टी. मलाही हसू आवरेना. मी 'करार' म्हणून बघितलं, तर तो भाडेकरूचा वाटला. 'गट' म्हटल्यावर सगळ्यांना बचत गट आठवला. 'मैत्री' म्हणवत नव्हतं, कारण दोघींना एकमेकींचा भरवसा नव्हता. मग पुढची म्हणाली, "सावड."

शब्द मी ऐकला होता, पण कधी वापरला नव्हता. तिने सांगितलं: आज तुमी आमच्या आवणीला यायचं, उद्या आमी तुमच्या. पैसे द्यायचे न्हाईत, दिवस द्यायचा. आई लगीन होऊन आली तवा समद्या वाडीची आवणी सावडीवर व्हायची. आता कुनाची शेतंच न्हाईत तर सावड कुनासंगं करनार?

"शब्द छान आहे, पण इथे चुकीचा आहे," मी म्हटलं. "या दोघींचं ठरलेलं मोडणार आहे. ते मोडण्यासाठीच केलेलं आहे."

"सावड मोडत न्हाई," ती म्हणाली. "मोडली तर पुढल्या साली कोन येनार?"

अर्थाच्या हिशेबाने ती चूकच होती. पण वेळ संपत आला होता, गोष्ट अडली होती, आणि पोरांनी तो शब्द उचललाही होता. मी पेन्सिलने 'युती' खोडून वर 'सावड' लिहिलं, घरी गेल्यावर बघू म्हणून. घरी गेल्यावर मी काहीही बघितलं नाही.

त्या शब्दाने गोष्टीचा तोलच बदलला. आता मुलं नुसती ऐकत नव्हती, लक्ष ठेवून होती. नायिकेला ताप आला आणि खोकणाऱ्या मुलीने तिच्या वाटचा पहारा दिला, की कुणीतरी पुटपुटायचं, "हिचं फेडायचं ऱ्हायलं." खोकणारीने आपलं वाळकं मांस तिला दिलं, की पुन्हा, "ह्ये बी ऱ्हायलं." आणि मग खोकणारी मरते. लेखकाने ते फार संयमाने लिहिलं आहे. नायिका तिच्या अंगावरची घोंगडी काढून घेते, स्वतःला गुंडाळते आणि डोंगर उतरायला लागते. इंग्रजीत ते वाचताना मी त्या धीट लेखणीला दाद दिली होती.

मी वाचून थांबले. कुणी रडलं नाही. चिडले सगळे.

"आशी कशी गेली?"

"हिची सावड कोन फेडनार आता?"

"अरे, ती मेली," मी म्हटलं. "मेलेल्याचं काय फेडणार?"

"घरच्यांचं फेडायचं," पुढची म्हणाली. "मानूस गेलं म्हनून दिवस जात न्हाई. आमच्या आबांनी फेडलीवती, मानूस गेल्यावर. त्याच्या पोरांच्यात जाऊन."

"आन सावडायला कोन गेलं?" चष्मेवाला विचारत होता, आणि या वेळी तो चेष्टा करत नव्हता. माणूस जाळल्यावर तिसऱ्या दिवशी राख सावडतात, ते तो म्हणत होता. एकच शब्द, आवणीला आणि मरणाला, दोन्ही टोकांना कसा काय पुरला कोण जाणे.

तरी मी लेखकाची बाजू मांडली. म्हटलं, बाळांनो, तेच तर दाखवायचं आहे. जग बुडालंय तिथे. बुडालेल्या जगात कुणी कुणाचं फेडत नाही.

चष्मेवाल्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "मंग झाडं संपली तवा न्हाई बुडलं," तो म्हणाला. "ह्या घोंगडीपाशी बुडलं."

शेवटचं प्रकरण पुढच्या शनिवारी, एवढं सांगून मी निघाले.

पुढच्या शनिवारी व्हरांडा रिकामा. पाऊस असा की छत्री नुसती शोभेला, साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं शेवटचं प्रकरण, आणि ऐकायला कुणी नाही. शाळेच्या शिपायाने सांगितलं, "समदी पोरं खाचरावर गेल्यात, ओढ्याकडं." मी तणतणतच निघाले. एवढ्या लांबून यायचं आणि यांना खेळ सुचतायत, असं काय काय वाटेत बोलत होते.

ओढ्याशी पोचले आणि बोलणं बंद झालं.

खाचरात पोरं ओणवी उभी होती, पाठीवर युरियाच्या पिशव्यांच्या खोळी घेऊन. समोरचा डोंगर ढगात गेलेला. हातात रोपांच्या मुठी, पोटऱ्यांपर्यंत चिखल. बांधावर पुढचीची आई, मोडलेल्या हाताच्या प्लॅस्टरवर दुधाची पिशवी बांधून, धड असलेल्या हाताने खुणा करत ओरडत होती. "आगं, लय खोल नगं खुपसू! मरंल त्ये! आरं ए चष्म्या, तुज्या रांगंला काय दारू पाजलीय व्हय?" निम्म्या पोरांनी उभ्या आयुष्यात आवणी केलेली नव्हती. कुणाची जमीन विकून गेली होती, कुणाची कधी नव्हतीच. चष्मेवाल्याच्या काकाने सकाळी पॉवर टिलर आणून चिखलणी करून दिली होती. रोपं जून व्हायला लागली होती, आणखी आठवडा गेला असता तर लावून उपयोग नव्हता.

"कुणी सांगितलं यांना?" मी आईला विचारलं.

"कुनी न्हाई, ताई. सक्काळी दारात हुबी. म्हनली, मावशी, सावड करायची." बोलता बोलता तिचा आवाज फिरला. "मी म्हनलं, पोरांनो, फेडू कशी मी? तुमच्यात आवनी कुटं हाय? तर म्हनत्यात, आवनी नसली तर दुसरं काई काडू, पन दिवस धरा. ह्येवढं येक खाचरच हाय माजं, ताई. बाकी घर त्यांचं, चूल सासूची." आणि ती पदराने तोंड पुसत पुन्हा ओरडायला लागली.

मीच चुकीचा ठरवलेला एक शब्द, पेन्सिलने लिहिलेला, माझ्या डोळ्यांसमोर ओणवा होऊन चिखलात पाय रोवून उभा होता. एवढी वर्षं मी शब्द इकडचे तिकडे नेले, पण शब्दाला असे हातपाय फुटलेले कधी बघितले नव्हते. जगबुडीची गोष्ट पोरांना का आवडते, याचं उत्तर मी घाबरण्याच्या बाजूने शोधत होते. ही पोरं तर कुठे काय वाचवायचं राहिलंय, ते शोधत ऐकत होती.

रस्त्यावर एक मोठी गाडी थांबली. काच खाली करून एका माणसाने फोटो काढले आणि विचारलं, "ही अॅक्टिव्हिटी आहे का? पर हेड काय घेता?"

"पैसे न्हाईत, दादा," चष्मेवाला कंबर सरळ करत म्हणाला. "सावड हाय. आज तुमी आमच्यात, उद्या आमी तुमच्या हापिसात. चालंल?"

माणूस हसला, काच वर गेली.

मी पिशवी बांधावरच्या झाडाला अडकवली, साडी खोचली आणि उतरले. पहिल्याच पावलाला पाय असा रुतला की मी बसलेच. पोरांना काय आनंद झाला तो झाला! पुढचीने हात देऊन उठवलं, मूठ हातात दिली आणि म्हणाली, "मावशी, अंगठ्यानं दाबायचं." त्या दिवसापर्यंत मी मॅडम होते. माझी रांग चष्मेवाल्यापेक्षाही वाकडी गेली, पण गेली.

दिवस कलला तेव्हा शेवटचा कोपरा राहिला होता. पुढचीचा बाप पाळीवरून परत आला, कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, हातात डबा. तो बांधावर उभा राहून लावलेल्या रांगा बघू लागला. बायको त्याच्याकडे बघत होती, मुलगी मुद्दाम बघत नव्हती. मग त्याने डबा खाली ठेवला, बूट काढले, विजार वर दुमडली आणि त्या कोपऱ्यात उतरला. त्याची रांग मात्र सुतासारखी सरळ होती.

शेवटचं प्रकरण पोरांनी नंतर ऐकलं. नायिका भिंतीशी पोचते, दरवाजा उघडतो. त्यांनी ऐकून घेतलं, पण दरवाजा उघडल्याचं कुणाला फारसं कौतुक वाटलं नाही. मी अनुवादात एकही वाक्य बदललं नाही. तो माझा अधिकार नव्हे. फक्त 'सावड' ठेवला. प्रकाशकाच्या संपादकाने त्यावर प्रश्नचिन्ह काढून पाठवलं, की मूळ शब्दाला हा शब्द बसत नाही. मी कळवलं, बसत नाही हे मला माहीत आहे, तसाच राहू द्या. तो वाचल्यावर मराठीतल्या प्रत्येक पोराला कळेल की घोंगडी घेऊन चाललेली ही मुलगी कुणाचं तरी देणं लागते. लेखकाने ते कुठेच म्हटलेलं नाही.

दिवाळीची सुट्टी लागली. भाताच्या कापण्या उरकत आल्या होत्या. एका सकाळी लोणावळ्यात माझ्या दाराची बेल वाजली. दारात पुढची, केस चापूनचोपून बांधलेले, हातात डबा आणि तांदळाची पिशवी.

"तुमचा दिवस ऱ्हायलाय," ती म्हणाली.

मी म्हटलं, वेडी आहेस का, मी काय ते हिशेबाने केलं? तांदूळ आणलेस तेवढं पुरे.

"तांदूळ आईनं दिलेत, ते येगळे. दिवस माजा हाय." चेहरा असा गंभीर, की मला हसताही येईना. "तुमी घेतला न्हाई तर आमी परत कुनाला बोलवायचं?"

तेव्हा मी तिला आत घेतलं आणि टेबलावर पडलेली मुद्रितं पुढे केली. ती मराठी मोठ्याने वाचत गेली, मी इंग्रजीशी ताडत गेले. बर्फातल्या प्रकरणाशी ती अडखळली. "मावशी, हितं 'सवड' लिवलंय. दोघींनी सवड केली." अक्षरं जुळवणाऱ्याने, नाहीतर त्याच्या यंत्राने, आमची चूक सुधारून दिली होती. सगळीकडे सवड! मोकळा वेळ काढून दोघी बर्फात बसल्यासारखं झालं होतं. आम्ही हसून हसून डोळे पुसले. मग तिने लाल पेन घेतलं आणि पानापानावर, शोधून शोधून, त्या 'स'ला काना दिला. घोंगडीच्या पानाशी ती थांबली, पाणी प्यायली आणि तिथलाही काना देऊन पुढे गेली.

पाच वाजायला आले तशी ती उठली. मी विचारलं, "खाचर?"

"हाय. बाबा म्हनत्यात, पुढल्या साली बगू." तिने चपला घातल्या. "म्हंजे पुढल्या साली परत हायेच. किती जन येत्यात त्याच्यावर हाय."

"आता तुझी-माझी तर फिटली," मी म्हटलं. म्हणताना मला उगाच वाईट वाटलं. फिटू नये असं वाटत होतं. म्हणून लगेच म्हटलं, "पण पुढच्या वर्षी मला धर हां. रांग वाकडी जाईल, तरी धर."

ती पायरी उतरून गेली होती. मागे न वळता म्हणाली, "धरलंयच की, मावशी."